थेंब बुडला पाहिजे

निळ्या पाण्याच्या बाटलीत माझ्या बोटाचा थेंब पडला, अर्ध्यापर्यंत खाली गेला, तिथं जरा थबकला आणि सावकाश वर आला.

"बुडला पाहिजे मॅडम. तुमचा तरंगतोय," टेक्निशियन मुलगी म्हणाली आणि तिनं माझ्या फॉर्मवर लाल पेनानं काहीतरी खरडलं.

२०२३ चा गणेशोत्सव. सांगलीत विश्रामबागेकडं आमची कॉलनी आहे. मंडळाचं रक्तदान शिबिर मांडवातच असतं, गणपतीच्या उजव्या अंगाला चार खाटा टाकून. ते निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. माझं माहेर तासगावकडचं, त्यामुळं मोरचूद मला नवीन नव्हतं. द्राक्षबागेवर बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं औषध, मारायचा असला की घरातल्या प्रत्येकाचे हात निळे व्हायचे. इथं ते द्रावण असं मोजून केलेलं असतं की रक्तात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा वर असेल तर थेंब पंधरा सेकंदांच्या आत तळाला जातो. कमी असेल तर वरच राहतो. चार आण्याचा खर्च नाही, आणि दयामाया तर अजिबात नाही.

रांगेत माझ्या मागं शेजारच्या वैनी होत्या. त्यांचा थेंब खडा टाकल्यागत खाली गेला.

त्यांना शिबिराची भेट म्हणून हॉटपॉट मिळाला. मला बिस्किटाचा पुडा दिला, मन राखायला.

आता मागची एक गोष्ट सांगते. २००९ मध्ये माझ्या मुलीच्या वेळी बाळंतपणात रक्त फार गेलं होतं. दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. त्या काळी हॉस्पिटलवाले सरळ सांगायचे, दोन पिशव्या नेताय तर दोन बदली रक्तदाते आणा. दीर परगावी. चुलत दिरांना त्याच दिवशी नेमकी शुगर निघाली, असं ते म्हणतात. सासूबाई अजून त्यावर हसतात. शेवटी एक पिशवी माझ्या नवऱ्यानं दिली आणि दुसरी, आम्हाला दवाखान्यात घेऊन आलेल्या रिक्षावाल्यानं. गंमत अशी की माझ्या अंगात गेलं ते रक्त या दोघांचंही नव्हे. ते आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं, तपासून फ्रीजमध्ये ठेवलेलं होतं. या दोघांचं रक्त पुढच्या कुणाला तरी गेलं असणार. मला ज्यांनी दिलं ती दोन माणसं कोण, बाई का पुरुष, हयात आहेत की नाहीत, हे मला कधीच कळायचं नाही.

एवढं होऊनही चौदा वर्षांत मी कुठल्या शिबिराची पायरी चढले नव्हते. उपकाराची जाणीव नव्हती असं नाही. देवघरातल्या शंखासारखी होती. रोज दिसायची, कधी वाजली नाही.

ती वाजली वैनींच्या थेंबामुळं. आमच्यात भांडण काही नाही, पण कुंडीतल्या गुलाबापासून मुलांच्या टक्क्यांपर्यंत एक चढाओढ आहे, दोघींनाही माहीत असलेली आणि दोघींनीही कधी न बोललेली. त्यांचा बुडला आणि माझा तरंगला, एवढ्यावर मी इरेला पेटले. याला कुणी थोर प्रेरणा म्हणत असेल तर म्हणावं. मी म्हणणार नाही.

मी तोंड पाडून निघाले होते, तर रक्तकेंद्राचे जनसंपर्काचं काम बघणारे गृहस्थ समोर आले. सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात. पंचावन्नच्या पुढचे, खिशाला तीन पेनं. त्यांनी माझा फॉर्म हातात घेतला.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"काय करता?"

"मार्केट यार्डात अडत पेढीवर आहे. हिशेब लिहिते."

"मग बसा की इथं. फॉर्म भरायला माणूस नाही. रक्त नाही तर नाही, अक्षर द्या."

तशी मी टेबलामागं बसले ती दुपारी तीनपर्यंत. आणि नंतर वर्षभर, जिथं जिथं सुट्टीच्या दिवशी शिबिर असेल तिथं.

फॉर्मवर सगळं विचारतात. रात्री झोप झाली का, चार तासांत काही खाल्लंय का, ताप, जुलाब, गोळ्या चालू आहेत का. वर्षभरात गोंदवून घेतलंय का. दात काढलाय का. कुत्रं चावल्याची इंजेक्शनं? कावीळ? बायकांना पाळी, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ. वय १८ च्या आत नको, ६५ च्या वर नको. वजन ४५ किलोच्या खाली नको. मला स्वतःला रक्त चढवलं होतं, तेही विचारलं. त्याला वर्ष उलटलेलं असलं की चालतं. फक्त एक रकाना त्या फॉर्मवर नाही: का देताय?

मी पहिल्याच दिवशी एकाला तोंडी विचारलं तर सर मागून म्हणाले, "ते नका विचारू. माणूस विचारात पडतो आणि उठून जातो."

मग मी विचारणं सोडलं. पण टेबलापाशी उभं राहिलं की माणसं आपणहून बोलतात. बोट टोचायच्या आधी भीती घालवायला बोलत असावीत.

मंडळातली पोरं निम्म्याहून जास्त येतात ती एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. एकटं कुणी येत नाही. त्यातला एखादा सुईला घाबरणारा असतो, त्याला चौघं धरून आणतात आणि तो खाटेवर आडवा झाला की मोबाईल काढतात. भेट काय आहे हे आधी विचारणारेही पुष्कळ. पूर्वी मला त्याचा राग यायचा, आता येत नाही. हेल्मेटसाठी रक्त दिलेल्या एका पोराला मी पुढच्या तीनही शिबिरांत बघितलं, आणि त्यातल्या दोन ठिकाणी पेनसुद्धा वाटलं नव्हतं.

एका ट्रकवाल्याची गोष्ट मी पेढीवर कितीदा सांगितली असेल. पन्नाशीचा माणूस, गळ्यात माळ. कितवी वेळ, असा फॉर्मवर रकाना असतो. म्हणाला, "अकरावी."

"बरोबर लक्षात आहे तुमच्या."

"लक्षात ठेवावंच लागतंय की ओ. भावाचा अपघात झाल्ता, त्याला बारा पिशव्या लागल्या. अकरा फिटल्या आज. एक राहिली."

"मग बाराव्या पिशवीनंतर थांबणार?"

माझ्याकडं असं बघितलं, जणू पेढीवर बसणाऱ्या बाईनं हे विचारावंच कसं. "व्याज असतंय की," म्हणाला.

दुसरे एक निवृत्त मास्तर, त्रेसष्ट वर्षांचे. प्लास्टिकच्या फाईलमध्ये सगळी प्रमाणपत्रं तारखेनुसार लावलेली. त्या दिवशी त्यांचं नव्वदावं रक्तदान होतं. पुरुषांना दोन वेळांत तीन महिने अंतर ठेवावं लागतं, बायकांना चार. मास्तरांनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला: पासष्ट पुरी होईपर्यंत, एकही तारीख चुकवली नाही तरी, आकडा ९७ च्या पुढं जात नाही. "कोरोनात माझी दोन वर्षं बुडाली," ते म्हणाले. शंभरीचा सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. ते आता व्हायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी पुढची तारीख त्यांनी माझ्याकडून प्रमाणपत्राच्या मागं लिहून घेतली.

ओ निगेटिव्हवाले जरा ताठ्यात असतात. असायला हरकत नाही. एक पोरगा तर फॉर्मवर रक्तगटाचा रकाना आधी भरून आला होता आणि बाकीचा मला भरायला दिला. सरांनी त्याला खाटेवर जाऊच दिलं नाही. नंबर घेतला, म्हणाले, "तू आमची चालती-फिरती पिशवी. आज देऊ नकोस. कुणाला लागलं की रात्री दोनला फोन करीन, तेव्हा ये." पोरगा हिरमुसला नाही, उलट दोन इंच उंच होऊन गेला. त्याच्या पाठीमागं सरांनी मला बॉम्बे ग्रुपचं सांगितलं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला. साध्या तपासणीत ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ चालत नाही. दुसऱ्या बॉम्बे ग्रुपवाल्याचंच रक्त लागतं, आणि आपल्याकडं दहा हजारांत असा एखादाच असतो म्हणतात. अशा माणसांना कुणी प्रेरणा द्यावी लागत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडणार आहे हे त्यांना माहीतच असतं.

आणि एक जण आला होता, त्यानं मला दोनदा विचारलं, "सगळ्या टेस्ट करता ना? रिपोर्ट देता ना?" मी आपली कौतुकानं सांगत बसले: एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया, प्रत्येक पिशवीची तपासणी होते. सरांनी ऐकलं आणि त्याला हळूच बाजूला नेलं. पाचेक मिनिटांनी तो मांडवाबाहेर गेला. सर म्हणाले, शिबिरात येणाऱ्या सगळ्या कारणांत मला भीती फक्त या एकाच कारणाची वाटते. लागण नुकती झाली असेल तर पहिले काही दिवस ती तपासणीत दिसत नाही, मशीन कितीही भारी असू दे. फुकट तपासणी होईल म्हणून आलेला माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याची ती पिशवी पास झाली तर कुणाच्या अंगात जाईल? त्याला त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्राचा पत्ता दिला होता. तिथं फुकट होते, नावही बाहेर जात नाही.

बायका थोड्या. एका रविवारी मी मुद्दाम मोजलं: ७३ फॉर्म, त्यात ९ बायका, आणि नवांतल्या सहा जणी निळ्या बाटलीपाशीच परत. एकीचा नवरा शेजारून म्हणाला, "तुला सांगत होतो, तुझ्यात रक्तच नाही." ती हसली. मला त्या माणसाच्या फॉर्मवर शाई सांडावीशी वाटली.

माझं स्वतःचं काय चाललं होतं ते सांगायचं राहिलं.

त्या गणपतीनंतर मी आमच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. हिमोग्लोबिन १०.४. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी केली तर ती तळाला. पाळीत रक्त जास्त जात होतं ते मी वर्षानुवर्षं "आमच्यात असंच असतं" म्हणून चालवून घेतलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयाला दोन बारक्या गाठी निघाल्या. म्हणजे रक्त द्यायला गेले नसते तर हे कळायला अजून किती वर्षं लागली असती कोण जाणे. दम लागायचा, तो मी जिन्याचा दोष समजत होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९–२१ चा आकडा डॉक्टरीणबाईंनीच सांगितला: देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय, महाराष्ट्रात ५४ टक्के. "तू एकटी नाहीस, बहुमतात आहेस," म्हणाल्या.

मी विचारलं, बीट खाऊ का? तर त्या म्हणाल्या, "खा, पण रंग बघून खाऊ नकोस." गोळ्या लिहून दिल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. जंताची गोळी एकदा. नाचणी, मटकी, हळीव, राजगिरा हे सगळं चालेल. आणि चहा? जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा बंद. चहानं लोह अंगी लागत नाही.

मार्केट यार्डात हे म्हणजे उपासच. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत पेढीवर दर अर्ध्या तासाला चहा फिरतो. गिऱ्हाईक आलं की चहा, गेलं की चहा, भाव पडला तरी चहाच. डबा खाल्ल्यावर ग्लास समोर यायचा आणि मी हात मागं घ्यायची. शेठ म्हणाले, "डायबेटिस निघाला का काय?" मी म्हटलं, रक्त द्यायचंय. त्यांना वाटलं कुणीतरी आजारी आहे. कुणीही आजारी नाही, उगीच द्यायचंय, हे त्यांना पटवायला पंधरा दिवस गेले. पण आपल्या माणसासाठी रक्त द्यायला अख्खी पेढी उठते हे मी स्वतः बघितलंय. एका हमालाच्या मुलाला डेंग्यूत प्लेटलेट लागल्या तेव्हा आठ जण दुकान सोडून गेले होते. ओळख नसलेल्याला द्यायचं म्हटलं की तेच आठ जण म्हणतात, "शिबिर असलं की सांगा." सांगितलं की येतातही, हे मला पुढं कळलं.

गोळ्यांनी पोट घट्ट व्हायचं, तोंडाला लोखंडाची चव यायची. दोनदा सोडल्या, दोनदा परत धरल्या. दोन्ही वेळा धरल्या त्या वैनींचा हॉटपॉट त्यांच्या ओट्यावर दिसल्यावर.

२६ जानेवारीला मी पुन्हा रांगेत. या वेळी मोरचूद नव्हतं, छोटं मशीन होतं. १२.०.

मी भांडले. "रिपोर्टवर बायकांचं नॉर्मल १२ पासून लिहिलंय. मी नॉर्मल आहे." सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही नॉर्मल आहात म्हणूनच ठेवायचंय तुम्हाला नॉर्मल. एका पिशवीनं अंदाजे एक ग्रॅम उतरतो. मग काय कराल?" नियम बाई-पुरुष दोघांना सारखाच, १२.५. तो सारखा असल्यानं बायकांना जास्त आडवा येतो, हे त्यांनीही मान्य केलं. मी निमूट फॉर्मच्या टेबलावर जाऊन बसले.

फेब्रुवारीत एका नेत्याच्या वाढदिवसाचं शिबिर होतं. मोठा मांडव, डीजे, तीन रक्तकेंद्रांच्या गाड्या. संध्याकाळी स्टेजवरून आकडा जाहीर झाला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि सर मात्र खुर्चीत बसून बोटं मोडत होते. मी विचारलं तर म्हणाले, "तुमच्या हळदीला गोदाम आहे, रक्ताला नाही." लाल पेशी ३५ दिवस टिकतात, वेगळं पोषक द्रावण घातलेली पिशवी असेल तर ४२. प्लेटलेट तर पाचच दिवस, त्याही सतत हलवत ठेवायच्या. प्लाझ्मा तेवढा गोठवून वर्षभर राहतो. एकाच दिवशी शेकडो पिशव्या आल्या तर महिन्याभरानं काय? आणि पुढं एप्रिल-मे. कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन, लग्नं. थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मापासून अंगात रक्त नीट तयार न होणाऱ्या पोरांना मात्र मे महिन्यातही दर दोन-तीन आठवड्यांनी पिशवी लागतेच. त्यांना सुट्टी नाही.

मला वाटतं नेत्यांनी वाढदिवस चार हप्त्यांत साजरा करायला काय हरकत आहे.

त्या रात्री सामान आवरताना सर जुन्या गोष्टी सांगत बसले. ते या कामात आले तेव्हा रक्त विकणारी माणसं होती. दवाखान्याबाहेर बसायची, पैसे घ्यायची, महिन्यात दोनदा-तीनदा द्यायची, हातावर टोचल्याच्या खुणाच खुणा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १९९८ च्या जानेवारीपासून रक्त विकण्यावर बंदी आली. "तेव्हा आम्हाला वाटलं, आता रक्त मिळणारच नाही," सर म्हणाले. "पैसे दिल्याशिवाय कोण देतंय? मग कॉलेजांत जायला लागलो, मंडळांत जायला लागलो. एक कळलं. बॅनर बघून कोण येत नाही. नाव घेऊन हाक मारली की येतंय."

मे महिन्यात त्यांनी मला हाक मारली. शिबिर नव्हतं, केंद्रावरच बोलावलं होतं. हिमोग्लोबिन भरलं १२.७. मी जवळजवळ ओरडले. आणि फॉर्म भरताना पाळीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. दुसरा दिवस. खोटं लिहावं असं मनात आलं, अगदी आलं. मग तो रिपोर्ट मागणारा माणूस आठवला. जे आहे ते लिहिलं आणि घरी आले. वाटेत चहा प्याले, भर दुपारी जेवणानंतर, कप भरून.

शेवटी जूनच्या अखेरच्या शनिवारी, पावसाचं आभाळ भरून आलेलं असताना, मी केंद्राच्या जिन्यावर उभी होते. दारावरचा बोर्ड नवा आहे, 'रक्तकेंद्र'. खालून जुनी अक्षरं अजून दिसतात: 'रक्तपेढी'. कायद्यात २०२० पासून नाव बदललं. मला पेढीच बरी वाटते. जमा, नावे, शिल्लक, मुदत, सगळं त्यात आलं. पण मी पेढीवरचीच बाई, मला ते बरं वाटणारच.

१२.९. रक्तदाब ११८ वर ७६. वजन ५२ किलो, म्हणजे ३५० मिलीलीटरची पिशवी. ४५० ची घ्यायला वजन ५५ च्या पुढं लागतं. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, दंडाची शीर चाचपली.

खाट नव्हती, दवाखान्यात दात काढायला असते तशी लांबडी खुर्ची होती. सुई जाड असते, त्यावर लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. टोचताना दुखतं, एक मुंगळा कचकचून चावल्याइतकं. नंतर दुखत नाही. हातात स्पंजचा चेंडू दिला, दाबत राहा म्हणाले. शेजारी एक यंत्र पिशवीला पाळण्यागत झोके देत होतं. पिशवीत आधीच थोडं औषधी पाणी असतं, त्यात रक्त मिसळत राहावं, गोठू नये म्हणून. नळी दंडाला टेकली होती आणि ती गरम लागली. याचं मला फार आश्चर्य वाटलं. स्वतःचं रक्त गरम असतं हे कुणाला माहीत नाही? पण हाताला कधी लागलेलं नसतं.

मला वाटलं होतं त्या वेळी मनात काहीतरी मोठं येईल. ती दोन माणसं आठवतील, मुलगी आठवेल. आठवलं ते असं की शनिवारचं बिल टाकायचं राहिलंय, आणि सोमवारी जीएसटीचा माणूस येणार आहे. सात मिनिटांत यंत्रानं टुंग केलं. नळीला चिमटे लागले, सुई निघाली, कापसावर दाबून हात वर धरायला सांगितला. पिशवीवर नाव नसतं, नुसता नंबर आणि बारकोड. टेक्निशियननं ती उचलली आणि आत घेऊन गेली. वजनानं जरा लोंबत होती. आतल्या मशीनमध्ये गरगर फिरवून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे भाग वेगळे होणार, तपासण्या होणार, मग ज्याचं त्याला.

सरांनी चहा पुढं केला. "आता घ्या. आता चालतो."

भेट काही नव्हती. केंद्रावर जाऊन दिलं की भेट नसते, एक प्रमाणपत्र आणि दोन बिस्किटं. अर्धा तास बसवून ठेवलं, दिवसभर पाणी भरपूर प्या म्हणाले, जड उचलू नका, पुढची तारीख ऑक्टोबरच्या अखेरीस. मी ती प्रमाणपत्राच्या मागं लिहून ठेवली, मास्तरांसारखी.

घरी येताना पाऊस लागला. जिन्यात वैनी भेटल्या, कुंड्या आत घेत होत्या. माझ्या कोपरावरची पट्टी त्यांना दिसावी म्हणून मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, हे कबूल करते.

"दिलं वाटतं?"

"हो. तुमचं आता कितवं झालं?"

"कुठलं कितवं? ते एकदाच." वैनींनी कुंडी खाली ठेवली. "मला त्या दिवशी घरी आल्यावर चक्कर आली होती ओ. सकाळी उपाशीच गेले होते, फॉर्मवर खोटंच लिहिलं. कुणाला सांगितलं नाही."

"मग गेलात कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्ही रांगेत उभ्या दिसलात. म्हटलं या देतात तर आपण मागं का राहा."

मी काही बोलले नाही. मला तरी त्या रांगेत कुणी उभं केलं होतं? मंडळाचा एक पोरगा, लहानपणी आमच्याकडं शिकवणीला यायचा तो, जिन्यावरून ओरडला होता, "काकू, या की खाली." त्यालाही कुणीतरी हाक मारलीच असेल.

"पुढच्या वेळी खाऊन जाऊ दोघी," मी म्हटलं.

वैनींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कुंडी उचलून आत गेल्या आणि दार लोटता लोटता म्हणाल्या, "हॉटपॉट मात्र चांगला आहे हं. चपात्या मऊ राहतात."